संपूर्ण शरीर तापवून कर्करोगावर उपचार : एका दाव्याची चिकित्सा



मागील पाठात आपले शरीर स्वतःचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास कसे राखते ते आपण पाहिले. या पाठात तेच ज्ञान वापरून एका उपचाराच्या दाव्याची तपासणी करायची आहे. उपचाराचे नाव ‘संपूर्ण-शरीर हायपरथर्मिया’. रुग्णाच्या शरीराचे आतले तापमान मुद्दाम ३९ ते ४२ अंशांपर्यंत वाढवायचे, काही काळ तेथेच टिकवायचे आणि त्यामुळे कर्करोगाला आळा बसेल अशी अपेक्षा ठेवायची, असा हा उपचार आहे.

हा विषय का निवडला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर एक रंगीत पत्रक माझ्यापुढे ठेवले. त्याच्या वडिलांचा मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला होता. पत्रक एका खासगी केंद्राचे होते. त्यात सहा बैठकांचा जो खर्च लिहिला होता, तो भागवायला घरच्यांना जमिनीचा तुकडा विकावा लागला असता. ‘‘सर, हे खरं आहे का?’’ असे त्याने विचारले. मी घाईत होतो. पत्रक वरवर चाळून म्हणालो, ‘‘भोंदूगिरी आहे ही. पडू नका यात.’’ त्याने पत्रकाची घडी करून खिशात ठेवली.

दोन दिवसांनी तो परत आला तो ‘लॅन्सेट’मधल्या एका शोधनिबंधाची छापील प्रत घेऊन. पत्रकातच त्याचा उल्लेख होता. निबंध खरा होता, नियतकालिक नामवंत होते आणि उष्णतेमुळे कर्करोगाच्या रुग्णांना फायदा झाल्याचे त्यात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे पत्रक बरोबर आणि सर चूक, असा त्याने अर्थ काढला तर त्यात त्याचा दोष नव्हता. तो निबंध पत्रकाला मुळीच आधार देत नाही, हे त्याला दाखवायला मला एक अख्खी दुपार लागली. ती चर्चा पुढे मांडली आहे. तुमच्याही घरी, गावात किंवा वसतिगृहात असे पत्रक येऊ शकते, आणि ‘भोंदूगिरी’ या एका शब्दाने कोणाचेही समाधान होत नाही, हा धडा मी त्यातून घेतला.

पत्रकाचा युक्तिवाद

कोणत्याही दाव्याची चिकित्सा करताना आधी तो दावा त्याच्या सर्वांत चांगल्या रूपात मांडून घ्यावा. पत्रकाचे म्हणणे असे होते : ताप हे निसर्गाने दिलेले शस्त्र आहे आणि प्राचीन ग्रीकांना ते ठाऊक होते. तापाच्या उपचाराला नोबेल पारितोषिकाची मान्यता आहे. कर्करोगाच्या पेशी ४२ अंशांना मरतात, निरोगी पेशी तगतात. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार एका जागेपुरते असतात, पण पसरलेला कर्करोग अंगभर असतो, म्हणून उष्णताही अंगभर पोहोचली पाहिजे. जर्मनीत हे अनेक दशके चालू आहे आणि चाचण्यांतून फायदा दिसला आहे.

यातले एकही विधान हवेतून आलेले नाही. प्रत्येकाच्या मागे काहीतरी खरे आहे. विशेषतः चौथा मुद्दा ऐकताना पटतो, आणि अनेक गंभीर संशोधकांना या विषयाकडे खेचून आणले ते याच विचाराने. तेव्हा प्रश्न असा विचारायचा की एका विधानावरून दुसऱ्यावर जाताना मधली पायरी भक्कम आहे का.

ग्रीकांचा मुद्दा लवकर संपवू. तापाची थोरवी सांगणारे एक वाक्य या विषयावरच्या बहुतेक पत्रकांत छापलेले असते. ते कधी पार्मेनिडीसच्या नावावर असते, तर कधी हिपोक्रेटिसच्या. एकच वाक्य दोन वेगळ्या माणसांच्या तोंडी फिरत असेल तर पुरावा म्हणून त्याची किंमत किती, ते तुम्हीच ठरवा.

तापाचा इतिहास : जंतू, ज्वर आणि नोबेल

१८६६ साली जर्मन शल्यचिकित्सक विल्हेल्म बुश यांनी एक निरीक्षण नोंदवले. चेहऱ्यावर सार्कोमाची गाठ असलेल्या रुग्णाला धावरे, म्हणजे इरिसिपेलस हा त्वचेचा संसर्ग झाला, जोराचा ताप आला आणि गाठ आक्रसली. पुढे १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी कर्करोगाच्या रुग्णांना धावऱ्याचे जंतू मुद्दाम टोचायला सुरुवात केली. जिवंत जंतू धोक्याचे असतात, म्हणून नंतर त्यांनी उष्णतेने मारलेल्या दोन प्रकारच्या जंतूंचे मिश्रण वापरले. ‘कोलीचे विष’ म्हणून ते ओळखले जाते. काही रुग्णांच्या गाठी खरोखर विरघळल्या. कोलींच्या नोंदी आजही अभ्यासल्या जातात.

आता येथे थांबून विचार करा. रुग्णाच्या शरीरात जंतूंची विषे गेली, प्रतिकारयंत्रणा खवळली, अनेक रासायनिक संदेशक रक्तात आले आणि तापही आला. या चौघांपैकी गाठ कोणामुळे आक्रसली? ताप थर्मामीटरवर दिसतो, म्हणून श्रेय त्याला दिले गेले. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने दाखवले की जिवाणूंचे अंतर्विष दिलेल्या उंदरांच्या रक्तात एक असा घटक तयार होतो जो गाठीच्या पेशी मारतो. त्याला ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ असे नाव मिळाले. मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कर्करोगासाठी आज बीसीजी मूत्राशयात सोडतात आणि तो उपचार जगभर मान्य आहे. जंतूंनी प्रतिकारशक्ती जागवायची ही कल्पना तीच, पण त्यासाठी रुग्णाला ४२ अंशांपर्यंत तापवावे लागत नाही. म्हणजे कोलींचा वारसा ‘उष्णता’ या शब्दात आहे असे धरणे घाईचे आहे.

नोबेलचा मुद्दाही असाच. व्हिएन्नाच्या ज्युलियस वाग्नर-यौरेग यांनी १९१७ पासून मेंदूपर्यंत पोहोचलेल्या उपदंशाच्या रुग्णांना हिवतापाची लागण करवली. ताप येऊ द्यायचा आणि नंतर क्विनीनने हिवताप आटोक्यात आणायचा, अशी ती पद्धत होती. या कामाला १९२७ चे नोबेल मिळाले. पण उपदंशाचा जंतू उष्णतेला फार नाजूक असतो आणि कर्करोगाची पेशी ही आपल्याच शरीराची पेशी असते. शिवाय त्या उपचारात हिवतापानेच काही रुग्ण दगावत. पेनिसिलिन येताच तो मागे पडला. पत्रकात ओटो वारबुर्ग यांचेही नाव होते. त्यांचे १९३१ चे नोबेल पेशींच्या श्वसनातील विकराबद्दलचे आहे, उष्णतेने कर्करोग बरा करण्याबद्दलचे नाही. आणि ज्यांना नोबेलचे फार वजन वाटते त्यांनी १९२६ चे पारितोषिक आठवावे. ते योहानेस फिबिगर यांना एका कृमीमुळे उंदरांना जठराचा कर्करोग होतो या शोधासाठी मिळाले, आणि तो निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला.

४२ अंशांची भिंत

हा या पाठाचा गाभा आहे, म्हणून वही-पेन्सिल घ्या.

पहिले गणित ऊर्जेचे. मानवी शरीराची विशिष्ट उष्णता साधारण ३.५ किलोजूल प्रति किलो प्रति अंश धरा. ६० किलोच्या माणसाला ३७ वरून ४१.८ अंशांवर न्यायला ६० × ३.५ × ४.८, म्हणजे सुमारे १००० किलोजूल लागतात. २ किलोवॉटचा गीझर एवढी ऊर्जा आठ-नऊ मिनिटांत देतो. मग अवघड काय आहे? अवघड आहे तो घाम. एक लिटर घाम बाष्प होऊन उडाला की सुमारे २४०० किलोजूल घेऊन जातो. म्हणजे अर्धा लिटरही घाम उडाला नाही तोच सगळी कमाई वाया जाते. म्हणून केवळ सॉनामध्ये थोडा वेळ बसून शरीराचे आतले तापमान ४१.८ होत नाही. त्वचा तापते, माणूस घामाघूम होतो आणि गाभा थोडासाच वर सरकतो. पत्रकात ‘उपचाराचे तापमान’ लिहिले असेल तर पहिला प्रश्न विचारा : हे तापमान कक्षाचे, त्वचेचे की अन्ननलिकेत वा गुदाशयात मोजलेले? या तिन्हींत काही अंशांचा फरक असू शकतो, आणि या विषयात एका अंशाने सगळे बदलते.

का बदलते, ते दुसऱ्या गणितातून दिसते. १९८४ मध्ये सपारेतो आणि ड्यूई यांनी ‘उष्णतेची मात्रा’ मोजण्याची एक रीत मांडली, जी आजही वापरात आहे. कोणतेही तापमान आणि कालावधी यांचे रूपांतर ‘४३ अंशांना किती मिनिटे दिल्यासारखे’ यात करायचे. नियम असा : ४३ च्या खाली प्रत्येक अंशामागे परिणाम चौपट घटतो. म्हणजे ४२ अंशांची ६० मिनिटे ही ४३ अंशांच्या १५ मिनिटांएवढी, आणि ४१ अंशांची ६० मिनिटे ४ मिनिटांनाही पुरत नाहीत.

आता ४१.८ अंशांना एक तास घ्या. फरक १.२ अंशांचा आहे. ०.२५ चा १.२ वा घात सुमारे ०.१९ येतो. ६० ने गुणले की साधारण ११ मिनिटे. सौम्य पद्धतीत ४० अंशांना सहा तास ठेवतात. तेथे ३६० भागिले ६४, म्हणजे साडेपाच मिनिटांहून थोडे अधिक. पेशी थेट मारायच्या तर एवढी मात्रा तुटपुंजी आहे.

मग तापमान आणखी का वाढवत नाहीत? कारण तापवायचे आहे ते संपूर्ण शरीर. ४२ च्या वर यकृत, मेंदू आणि हृदय धोक्यात येतात. ४१.८ हा आकडा जगभरच्या निबंधांत पुन्हा पुन्हा दिसतो तो याच कारणाने. ती सुरक्षिततेची कड आहे, आणि कर्करोगासाठी ते सर्वोत्तम तापमान असल्याचा शोध कोणी लावलेला नाही. एकाच गाठीला तापवायचे असेल तर शेजारचे रक्त तिला थंड ठेवते, तरी गाठीत ४३ किंवा त्याहून अधिक गाठता येते, कारण बाकीचे शरीर सुरक्षित राहते. सर्व शरीराला उष्णता देण्यातला जो मोठेपणा पत्रक सांगत होते, त्याचीच किंमत म्हणून मात्रा कमी ठेवावी लागते. हा विरोधाभास पत्रकात कोठेही नव्हता.

‘कर्करोगाच्या पेशी ४२ अंशांना मरतात’ या वाक्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. गाठीचा रक्तपुरवठा विस्कळीत असतो. त्यामुळे तिच्या काही भागांत प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त असते, आणि अशा पेशी उष्णतेला अधिक बळी पडतात. परंतु हा गुण परिस्थितीचा आहे, पेशीच्या ‘कर्करोगीपणाचा’ नव्हे. त्याच गाठीच्या काठावर, जेथे रक्त चांगले पोहोचते, तेथील पेशी शेजारच्या निरोगी पेशींइतक्याच टणक असू शकतात. शिवाय तापलेली पेशी उष्णता-आघात प्रथिने बनवते आणि पुढचे दोन-तीन दिवस उष्णतेला अधिक सहनशील होते. म्हणूनच गंभीर संशोधनात दोन बैठकांमध्ये अंतर ठेवतात. रोज बैठक देणारे केंद्र दिसले तर त्यांना हे विचारा.

ड्रेस्डेन, एडिंबरो, विस्कॉन्सिन

जर्मनीचा उल्लेख आला की मानफ्रेड फोन आर्देन यांचे नाव येतेच. माणूस विलक्षण. दूरचित्रवाणी आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांवर मूलभूत काम, युद्धानंतर सोव्हिएत अणुप्रकल्पात सहभाग आणि मग ड्रेस्डेनला स्वतःची संस्था. १९६० च्या दशकापासून ते कर्करोगाकडे वळले. वारबुर्गच्या निरीक्षणावरून त्यांनी एक साखळी रचली : रक्तातली साखर खूप वाढवायची, म्हणजे गाठ अधिक लॅक्टिक आम्ल तयार करील आणि आम्लधर्मी होईल. मग अवरक्त किरणांनी सर्व शरीर ४२ अंशांच्या जवळ न्यायचे आणि जोडीला जास्त प्राणवायू द्यायचा. यांत्रिक तर्क म्हणून ही रचना देखणी आहे. पण ती प्रत्येक गाठीत साखर सारखीच पोहोचेल आणि आम्लता सारखीच वाढेल असे गृहीत धरते, तर गाठीचे वैशिष्ट्यच असे की तिच्यात काहीही सारखे पोहोचत नाही. एका भौतिकशास्त्रज्ञाने गाठीला यंत्रासारखे पाहिले, असे मला वाटते. त्यांच्या प्रामाणिकपणावर मात्र शंका नको.

एडिंबरोच्या पेटिग्रू आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या रुग्णांचे शरीर वितळलेल्या मेणाने तापवले. त्यांचा निबंध १९७४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मेण का, ते वरच्या पहिल्या गणितावरून तुम्हाला कळेल : मेणाने झाकलेल्या त्वचेवरून घाम उडत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात इयन रॉबिन्स यांच्या गटाने हेच काम आर्द्र कक्ष आणि उष्ण प्रारण वापरून केले. ४१.८ अंश, ६० मिनिटे आणि सोबत केमोथेरपी.

या ‘सोबत’ शब्दावर बोट ठेवा. १९८० नंतरचे बहुतेक गंभीर संशोधक उष्णता एकटी पुरेल असे म्हणतच नाहीत. त्यांचे म्हणणे असे की उष्णतेमुळे प्लॅटिनम गटातील औषधांचा परिणाम वाढतो आणि पेशीची डीएनए दुरुस्तीची यंत्रणा काही काळ लंगडी होते. बीआरसीए-२ हे दुरुस्तीचे प्रथिन सौम्य उष्णतेने नष्ट होते असे २०११ मध्ये दाखवले गेले. हे सर्व खरे आहे. तरीही एक अडचण उरते. संपूर्ण शरीर तापवले तर औषध गाठीत अधिक प्रभावी होईल, तसेच ते अस्थिमज्जेत आणि मूत्रपिंडातही अधिक प्रभावी होऊ शकते. ठरावीक जागा तापवण्यात जी निवड असते, ती येथे नाही.

चाचण्या काय सांगतात

आता त्या ‘लॅन्सेट’च्या निबंधाकडे वळू. तो २००० सालचा, नेदरलँड्समधील चाचणीचा. १९९० ते १९९६ या काळात मूत्राशय, गर्भाशयमुख आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचे ३५८ रुग्ण त्यात घेतले. चिठ्ठी टाकावी तशा यादृच्छिक पद्धतीने अर्ध्यांना फक्त किरणोपचार दिले, तर अर्ध्यांना किरणोपचार आणि ओटीपोटाचे तापन. गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तीन वर्षे जगलेल्यांचे प्रमाण २७ विरुद्ध ५१ टक्के होते. आकडे थक्क करणारे आहेत.

मी त्या विद्यार्थ्याला निबंधाचे फक्त पहिले पान पुन्हा वाचायला सांगितले. तापवले काय? ओटीपोट, संपूर्ण शरीर नव्हे. सोबत काय? पूर्ण किरणोपचार. रुग्ण कोणते? रोग ओटीपोटापुरता असलेले. पत्रकातल्या केंद्रात यातले एकही नव्हते. आणि गुदाशयाच्या गटात, जो त्याच्या वडिलांच्या रोगाला त्यातल्या त्यात जवळचा, तेथे ठळक फायदा दिसलाच नव्हता. निबंध खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होता.

याच चाचणीवरही टीका झाली आहे, ती तुम्हाला माहीत असावी. गर्भाशयमुखाच्या तुलना गटातील निकाल फार कमजोर होते. फक्त किरणोपचाराचे निकाल याहून चांगले हवे होते, असे अनेकांचे मत होते. शिवाय १९९९ मध्ये किरणोपचारासोबत सिसप्लॅटिन देणे ही रीत मान्य झाली, त्यामुळे तुलनाच जुनी झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील केंद्रांवरच्या ११० रुग्णांच्या चाचणीत गर्भाशयमुखासाठी तापनाचा फायदा दिसला नाही.

स्थानिक तापनाची सर्वांत भक्कम बाजू मला मऊ ऊतींच्या सार्कोमात दिसते. इसेल्स आणि सहकाऱ्यांच्या ३४१ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत केमोथेरपीसोबत गाठीचा भाग तापवला. २०१८ मध्ये आलेल्या दीर्घ पाठपुराव्यात पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण ५१.३ विरुद्ध ६२.७ टक्के होते. आपल्या देशातलेही उदाहरण आहे. मुंबईच्या नानावटी रुग्णालयातील हुईलगोल आणि सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या कर्करोगात पन्नासहून थोड्या अधिक रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली. २०१० च्या त्या निबंधात गाठ पूर्ण जाण्याचे प्रमाण किरणोपचारात ४२.४ टक्के, तर किरणोपचार व तापनात ७८.६ टक्के होते. चाचणी लहान आहे, पण प्रश्न नेमका विचारलेला आहे.

ही सर्व उदाहरणे स्थानिक तापनाची. संपूर्ण शरीराच्या तापनाकडे वळलो की चित्र बदलते. तेथे आढळतात त्या मुख्यतः पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या छोट्या चाचण्या : सुरक्षित आहे का, किती सोसते, काही गाठी लहान होतात का. तुलना गट बहुधा नाही. केमोथेरपी सोबत दिलेली, त्यामुळे गाठ लहान झाली तर श्रेय औषधाचे की उष्णतेचे, ते सांगता येत नाही. या उपचाराने आयुष्य वाढते असे मोठ्या यादृच्छिक चाचणीतून सिद्ध झालेले नाही. अर्धशतकाच्या प्रयत्नांनंतरची ही स्थिती आहे, हे ध्यानात ठेवा.

सशक्त रुग्णांची चाळणी

‘आमचे रुग्ण इतरांपेक्षा जास्त जगतात’ असे केंद्रे सांगतात, आणि त्यांच्या वहीतले आकडे कदाचित खरेही असतील. तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कसे ते पाहा.

४१.८ अंशांना हृदयाची गती आणि त्याला पंप करावे लागणारे रक्त फार वाढते. म्हणून हृदयविकार असलेले, मेंदूत रोग पसरलेले, फुप्फुसे कमकुवत असलेले रुग्ण वगळतात. वगळलेच पाहिजेत. समजा (हे आकडे माझे, केवळ समजावण्यासाठी) शंभर रुग्णांपैकी ४० सशक्त आहेत आणि ते उपचार कोणताही असो सरासरी १८ महिने जगतात. उरलेले ६० अशक्त आणि ते सरासरी ६ महिने जगतात. सर्वांची सरासरी निघते १०.८ महिने. आता फक्त ४० सशक्तांना तापवा आणि उष्णतेचा परिणाम शून्य धरा. केंद्राच्या वहीत सरासरी १८ महिने येईल. पाठ्यपुस्तकात १०.८. कोणीही खोटे बोलले नाही, तरी सात महिन्यांचा ‘फायदा’ उभा राहिला. शिवाय प्रवास करून केंद्रापर्यंत पोहोचणारे, पैसे उभे करू शकणारे आणि सहा बैठका पूर्ण होईपर्यंत हयात असणारे, ही आणखी तीन चाळण्या आहेत.

उष्णतेच्या उपचारात तुलना गट ठेवणे अशक्य आहे, कारण रुग्णाला ताप कळतोच, अशी सबब कधी कधी ऐकू येते. ती टिकत नाही. नैराश्यावर संपूर्ण-शरीर तापनाची एक छोटी चाचणी २०१६ मध्ये ‘जामा सायकिअ‍ॅट्री’त आली. तिच्यात बनावट उपचार इतका हुबेहूब होता की तो मिळालेल्यांपैकी बहुतेकांना आपल्याला खराच उपचार मिळाला असे वाटले. आणि मोजायचे आयुष्य असेल तर रुग्णाला काय वाटते हा प्रश्न दुय्यम ठरतो. तेथे हवा असतो तो चिठ्ठीने ठरवलेला दुसरा गट.

मग यात काहीच नाही का?

असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत बफेलोच्या रॉझवेल पार्क संस्थेत एलिझाबेथ रेपास्की यांच्या गटाने ३९ ते ४० अंशांच्या, तापासारख्या सौम्य तापनाचा प्रतिकारपेशींवर काय परिणाम होतो याचा दीर्घ अभ्यास केला आहे. पेशी मारण्याची भाषा सोडून प्रतिकारशक्ती चेतवण्याची भाषा, हे मला या क्षेत्रातले सर्वांत विचारी वळण वाटते. पण ‘अभ्यासण्याजोगे’ आणि ‘विकण्याजोगे’ यांत अंतर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या उपचारापलीकडचा, संशोधनामुळे होणारा खर्च सहभागी रुग्णाकडून घेऊ नये. तेव्हा एखादे केंद्र ‘हे संशोधन आहे’ असेही म्हणत असेल आणि लाखांत फीही घेत असेल, तर दोन्हींपैकी एक सोडायला सांगा. चाचणी खरी असेल तर तिचा क्रमांक भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये सापडेल. ती सर्वांना खुली आहे. आणि १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग आहे. त्यामुळे पत्रकांत ‘बरा करतो’ असे सहसा नसते. ‘सहायक’, ‘प्रतिकारशक्तीला पूरक’ अशी शब्दयोजना असते. वाचताना ही विशेषणे खालून अधोरेखित करा.

त्या दुपारी शेवटी आम्ही एका कागदावर तीन प्रश्न लिहिले : आतले तापमान कोठे मोजता आणि किती वेळ टिकते, माझ्या वडिलांच्या रोगात, संपूर्ण शरीर तापवून, तुलना गटासह झालेली चाचणी कोणती, आणि चालू केमोथेरपी थांबवावी लागेल का. त्याने माझ्यासमोरच फोन लावला. पहिल्या दोन प्रश्नांना ‘डॉक्टर भेटीत सांगतील’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्याला ‘काही आठवडे थांबवलेली बरी’. त्यावर त्याने फोन ठेवला, आणि वडिलांचे पुढचे चक्र कोणत्या तारखेला आहे ते पाहायला तो बाहेर गेला.

स्वाध्याय

१. एका केंद्रात ४०.५ अंशांना तीन तास तापवतात. ही मात्रा ४३ अंशांच्या किती मिनिटांएवढी? स्थानिक तापनात ४३ अंशांना एक तास दिल्यास जी मात्रा मिळते तिच्याशी तुलना करा.

२. पोटाच्या पोकळीत गरम केमोथेरपी फिरवण्याच्या उपचाराला हायपेक म्हणतात. २०१८ च्या एका चाचणीत अंडाशयाच्या कर्करोगात त्याचा फायदा दिसला, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील फ्रेंच चाचणीत आयुष्य वाढले नाही. संपूर्ण-शरीर तापनाचे पत्रक यांपैकी पहिल्या चाचणीचा आधार देत असेल तर तुम्ही कोणते आक्षेप घ्याल?

३. तुमच्या भाषेतले कोणत्याही उपचाराचे एक पत्रक मिळवा. त्यातील प्रत्येक आकड्यासमोर लिहा : हा कोणाच्या तुलनेत?